वाट अवघड, पण कुणाला?

किल्ल्याला आपण दुर्ग म्हणतो. या शब्दाची फोड केली तर अर्थ निघतो, जिथे जाणे कठीण ते ठिकाण. म्हणजे ज्यांनी हा शब्द घडवला त्यांनी किल्ल्याची ओळख त्याच्या तटबंदीवरून किंवा वाड्यावरून सांगितली नाही, तिथवर नेणाऱ्या वाटेवरून सांगितली. कवितेच्या निमित्ताने शब्दांशी माझा रोजचा व्यवहार. त्यामुळे असेल, पण या शब्दापाशी मी नेहमी थबकतो. कठीण म्हणजे किती कठीण? आणि कुणाला कठीण?

आज हा प्रश्न किल्लेदाराला पडत नाही, शनिवार-रविवारी पाठीवर पिशवी टाकून डोंगराकडे निघणाऱ्या हजारो लोकांना पडतो. फोनवर वाटेचे नाव टाकले की समोर येते, 'सोपी', 'मध्यम' किंवा 'कठीण'. त्या एका शब्दावर विसंबून माणसे मुलाबाळांना घेऊन निघतात. हा शब्द येतो कुठून? डोंगरवाट किती अवघड आहे हे माणसांनी आजवर कसकसे ठरवले? या प्रश्नाचा इतिहास मोठा वाचनीय आहे, आणि आपल्या सह्याद्रीत तर तो गावोगावच्या नावांतच लिहून ठेवलेला आहे.

सह्याद्रीची घडण आधी लक्षात घेऊ. लाव्हारसाचे थर एकावर एक साचून हा डोंगर तयार झाला. कठीण थराचा झाला कडा, आणि दोन कड्यांच्या मधे जी सपाटी राहिली तिला आपले लोक पदर म्हणतात. कोकणातून देशावर यायचे तर हे कडे कुठेतरी फोडावे लागतात. जिथे ते फुटतात तिथे वाट जाते, आणि वाट कशी फुटली आहे त्यावरून तिचे नाव पडते. 'घाट' म्हटला की साधारणपणे लादलेल्या बैलांचा तांडा चढू शकेल अशी वाट. 'नाळ' म्हणजे दोन कड्यांमधली, दगडगोट्यांनी भरलेली अरुंद घळ. तिथून माणूस जाईल, पण बैल जाणे मुश्कील. आणि 'निसणी' किंवा 'शिडी' म्हटले की समजावे, इथे पायांबरोबर हातही लागणार. हे नियम सगळीकडे काटेकोर पाळलेले नाहीत, हे खरे. पण लिंगाण्याजवळची बोराट्याची नाळ, हरिश्चंद्रगडाची नळीची वाट किंवा भीमाशंकरचा शिडी घाट ही नावे नुसती कानावर पडली तरी जाणत्या माणसाला पुढे काय वाढून ठेवले आहे ते कळते. महाबळेश्वरकडून पारला उतरणाऱ्या जुन्या घाटाचे तर नावच रडतोंडी. याहून स्पष्ट इशारा कोणत्या पाटीवर लिहिता येईल?

दुसऱ्या टोकाला नाणेघाट आहे. जुन्नरकडून कोकणात उतरणारी ही सातवाहनांच्या काळातली व्यापारी वाट. तिथल्या लेण्यात इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला मानला जाणारा ब्राह्मी लेख आहे, आणि वर जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण. जकात घ्यायची तर माल यायला हवा, माल यायचा तर जनावर चढायला हवे. म्हणून कातळ फोडून वाट बांधून काढली. वाट सोपी करण्यात राज्याचा फायदा होता.

पण राज्याचा फायदा नेहमी सोप्या वाटेतच असतो असे नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या 'आज्ञापत्रा'त दुर्गांवर सविस्तर प्रकरण आहे. त्यातला सल्ला आजच्या पर्यटन खात्याच्या अगदी उलट आहे. गडाची वाट सुगम असू नये. असलीच तर ती मोडावी, तिच्यावर झाडी वाढू द्यावी आणि दुसरीकडून अवघड वाट काढावी. शिवाय अडचणीच्या वेळेसाठी चोरवाटा राखाव्यात. इथे वाटेची अवघडाई ही निसर्गाची देणगी राहिली नाही, ती कारभाराची गोष्ट झाली. आपल्या माणसाला जी वाट जमेल ती परक्याला जमू नये, असा हा हिशेब आहे.

हा हिशेब ज्याला कळला नाही त्याचे काय होते, ते फेब्रुवारी १६६१ मध्ये उंबरखिंडीत दिसले. शाइस्तेखान तेव्हा पुण्यात होता. त्याने कारतलबखानाला मोठी फौज देऊन कोकणात पाठवले. खान लोणावळ्याच्या बाजूने कुरवंड्याच्या घाटाने खाली उतरला. नकाशावर पाहाल तर अंतर फार नाही. उतारही उतारच, चढण नव्हे. पण वाट इतकी चिंचोळी की फौजेला पसरायला जागा नाही, दोन्ही बाजूंना दाट रान, आणि पाण्याची टंचाई. शिवाजी महाराजांनी पुढचे आणि मागचे अशी दोन्ही तोंडे बंद केली. खानाला खंडणी देऊन सुटका करून घ्यावी लागली. एकट्या वाटसरूला त्या वाटेत काही फार अवघड नव्हते. हजारोंच्या फौजेला, तिच्या घोड्यांना आणि सामानाला ती जीवघेणी ठरली. वाट तीच, चालणारा वेगळा.

याच गोष्टीची दुसरी बाजू रायगडावरच्या हिरकणीच्या कथेत आहे. ही दंतकथा आहे आणि दंतकथा म्हणूनच मी ती सांगतो. गडावर दूध घालायला आलेली गवळण, संध्याकाळी बंद झालेले दरवाजे आणि खाली घरी तान्हे मूल. ती रात्री कडा उतरून गेली. जो कडा कुणालाही उतरता येणार नाही असे ठरवून तिथे तट बांधला नव्हता, तो एका बाळंतिणीने उतरून दाखवला. मग महाराजांनी तिथे बुरूज बांधला आणि तिचा सन्मान केला. आपण ही गोष्ट आईच्या मायेची म्हणून सांगतो, आणि ते योग्यच आहे. पण मला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. ज्या जाणकारांनी तो कडा अशक्य ठरवला होता, त्यांनी तो शत्रूच्या शिपायाचे पाय डोळ्यांसमोर ठेवून ठरवला होता. डोक्यावर दुधाची घागर घेऊन रोज गड चढणाऱ्या बाईचे पाय त्यांच्या हिशेबात नव्हते.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि किल्ले इंग्रजांच्या हाती आले. त्यांनीही पहिल्यांदा वाटांचाच विचार केला. पुन्हा बंडाळी होऊन कुणी किल्ल्याचा आश्रय घेऊ नये म्हणून अनेक ठिकाणी दरवाजे आणि पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या. अलंग-मदन-कुलंगच्या वाटेवर आज दोर लावून जे कातळटप्पे चढावे लागतात, ते या तोडफोडीचा वारसा आहेत. म्हणजे आजच्या गिर्यारोहकाने ज्या वाटेला 'कठीण' म्हणून मान द्यायचा, ती कठीण झाली सरकारी दारूगोळ्याने.

पुढे जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली मुंबई इलाख्याची गॅझेटियरे निघाली. ठाणे जिल्ह्याचा खंड १८८२ चा. या खंडांत सह्याद्रीतल्या घाटवाटांच्या याद्या आहेत, आणि प्रत्येक वाटेपुढे शेरा आहे. ही गाड्यांना चालेल, ही लादलेल्या बैलांना चालेल, ही फक्त पायी जाणाऱ्यांना. मला या याद्या फार बोलक्या वाटतात. वाटेची प्रतवारी इथे कागदावर आली, पण तिचे माप अजून वाहणाऱ्याच्या ओझ्याचेच होते. एक उणीव मात्र तिच्यात राहिली. 'पायी जाणारा' या एका शेऱ्यात कोण कोण कोंबले होते? पत्र घेऊन धावणारा जासूद त्यातच, आणि डोक्यावर गवताचा भारा घेऊन नाळेने बाजाराला उतरणारी ठाकर बाईही त्यातच. दोघांची वाट सारखी अवघड कशी असेल?

दरम्यान बोरघाटात १८३० मध्ये गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत गाडीरस्ता सुरू झाला होता, आणि १८६३ मध्ये तिथून रेल्वे वर चढली. सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांत १ फूट. इथे चढ पहिल्यांदा आकड्यात बोलू लागला. इंजिनाला माया नाही, नवस नाही, घाईही नाही. त्याला आकडा पुरतो. आणि मग माणसालाही आकडा लावून पाहावा, हे ओघानेच आले.

ठाण्याच्या गॅझेटियरनंतर दहा वर्षांनी, १८९२ मध्ये, स्कॉटलंडमधल्या विल्यम नेस्मिथ या गिर्यारोहकाने एक सोपा नियम मांडला. नकाशावरच्या दर तीन मैलांना एक तास धरा, आणि दर दोन हजार फूट चढाला आणखी एक तास. म्हणजे सहा मैलांची वाट आणि चार हजार फुटांची चढण असेल, तर दोन आणि दोन मिळून चार तास. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ झाला, जगभरचे डोंगरयात्री आजही या नियमाने वेळ काढतात. फक्त एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. नेस्मिथने स्वतःच स्पष्ट केले होते की हा हिशेब बऱ्यापैकी धडधाकट पुरुषांसाठी आणि सोप्या फेऱ्यांसाठी आहे. नियम सगळीकडे पोचला, अट मागे राहिली. जेवणाचा, विसाव्याचा, चुकण्याचा वेळही त्यात नाही.

नेस्मिथच्या नियमात उतार जवळजवळ फुकट आहे. त्यावर पुढे दुरुस्त्या झाल्या. १९९३ मध्ये वाल्डो टोब्लर या अमेरिकी भूगोलतज्ज्ञाने मांडलेल्या सूत्रात माणसाची चाल सर्वांत जलद असते ती अगदी सौम्य उतारावर, ताशी सुमारे सहा किलोमीटर. उतार तीव्र झाला की ती पुन्हा मंदावते. आपल्याकडच्या मुरमाड घसाऱ्यावरून उतरलेल्या कुणालाही हे सांगायला सूत्राची गरज नाही. गुडघ्यांना ते ठाऊक असते.

वेळ मोजता आला, पण भीती कशी मोजायची? वाट लांब नसेल, चढही फार नसेल, पण एका बाजूला पाचशे फुटांची दरी असेल तर? मराठी डोंगरभटक्यांनी यासाठी 'दृष्टिभय' असा नेमका शब्द रूढ केला आहे. कॅलिफोर्नियातल्या सिएरा क्लबने १९३७ मध्ये सहा वर्ग केले. पहिला नुसता चालण्याचा, दुसऱ्यात तोल सांभाळायला हात लागतो, तिसऱ्यात हातापायांनी चढावे लागते, चौथ्यात पडलो तर जीवावर बेतेल म्हणून दोर हवा, आणि तिथून पुढे साधनांचे प्रस्तरारोहण. १९५० च्या दशकात पाचव्या वर्गाचे दशांश पाडले, ५.० पासून ५.९ पर्यंत. तेव्हा वाटले होते, ५.९ म्हणजे माणसाच्या कुवतीची हद्द. मग त्याहून अवघड कडे चढले जाऊ लागले आणि ५.१० आले. शाळेतल्या गणितात ५.१० म्हणजे ५.१ च, म्हणजे ५.९ पेक्षा लहान. पण गिर्यारोहकांनी गणिताला बाजूला सारले. आज ही मजल ५.१५ पर्यंत गेली आहे. दगड बदलला नाही, चढणारे हात बदलले.

या सगळ्या प्रयत्नांत मला सर्वांत शहाणपणाची वाटते ती स्विस आल्पाइन क्लबने २००२ मध्ये केलेली पायवाटांची प्रतवारी, टी-१ ते टी-६. पहिल्या प्रतीच्या वाटेवर पिवळी खूण, दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीला पांढरी-लाल-पांढरी, त्यापुढे पांढरी-निळी-पांढरी. ती शहाणपणाची अशासाठी की ती वाटेचे वर्णन करून थांबत नाही, चालणाऱ्याकडे काय असायला हवे तेही सांगते. पाऊल किती खंबीर हवे, बूट कसले हवेत, खुणा नसतील तिथे दिशा ओळखता यायला हवी का. वाट स्वतःबद्दल बोलता बोलता तुम्हालाही प्रश्न विचारते.

हे प्रश्न विचारायला स्वित्झर्लंडलाच जावे लागते असे मात्र नाही. कर्जत तालुक्यातल्या खांडस गावातून भीमाशंकरला दोन वाटा जातात. गणपती घाट लांबचा पण सोपा, शिडी घाट जवळचा पण नावाप्रमाणे शिड्यांचा. काही वर्षांपूर्वी आम्ही चार-पाच जण तिथे होतो. रस्त्याकडेला मोळी टेकवून बसलेल्या एका बाईंना विचारले, "मावशी, शिडीची वाट अवघड आहे का हो?" त्यांनी 'हो' म्हटले नाही आणि 'नाही'ही म्हटले नाही. आधी आमच्या पायांकडे पाहिले. मग विचारले, "पाणी किती घेतलंय?" मग, "आजच खाली यायचंय का?" आणि आमच्यातल्या सर्वांत वयस्कर माणसाकडे बोट करून, "हे बाबा पण चढणार?" एवढे झाल्यावर त्या म्हणाल्या, "गणपतीनं जा. रात्री पाऊस झालाय." एका मिनिटात त्यांनी सामान, वेळ, सर्वांत अशक्त गडी आणि हवामान, चारही गोष्टी तपासल्या होत्या. स्वतः त्या मोळी घेऊन रोज कुठल्या वाटेने ये-जा करतात हे त्यांनी सांगितले नाही. ते आमच्या उपयोगाचे नव्हतेच.

डोंगरातला माणूस 'हे काय, आलंच' म्हणतो आणि पुढे दोन तास चालावे लागते, असा विनोद शहरातले लोक करतात. तो खोटे बोलत नसतो. आपल्या पायांच्या मापाने खरेच सांगत असतो. पण ज्याला खरी वाट सांगायची आहे त्याला दुसऱ्याच्या पायांत शिरावे लागते, आणि ते त्या मावशींना साधले होते.

आता आजच्या प्रतवारीकडे वळू. वाट 'सोपी' आहे असे लिहितो कोण? बहुतेक वेळा तरुण, सराव असलेला माणूस, हिवाळ्यातल्या एका छान सकाळी ती चढून आलेला. त्याच वाटेवर जुलैत शेवाळ धरते, ओढा भरतो, धुक्यात पुढचा माणूस दिसत नाही. शिवाय डोंगर उतरून आलेल्या माणसाला एक सूक्ष्म मोह असतो. 'त्यात काय अवघड आहे?' असे म्हणण्यात आपली थोडी उंची वाढते. पण ते वाक्य ऐकून दुसरा कुणी निघतो, त्याच्याबरोबर त्याची मुलगी असते, म्हातारे वडील असतात.

या शब्दांची किंमत कधी कधी फार मोजावी लागते. ११ मार्च २०१८ रोजी तमिळनाडूत थेनी जिल्ह्यातल्या कुरंगणीच्या डोंगरात वणवा लागला आणि पदभ्रमणाला आलेले वीसहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. त्या वर्षी त्या राज्याने पदभ्रमणाचे नियम केले आणि वाटांचे सोपी, मध्यम आणि कठीण असे वर्ग पाडले. वर्गवारी हवीच. पण तिथे माणसे गेली ती चढाने नव्हेत, वाळल्या गवताच्या दिवसांत पेटलेल्या आगीने. जून २०२४ मध्ये उत्तराखंडात सहस्रतालच्या वाटेवर, चौदा हजार फुटांहून अधिक उंचीवर, कर्नाटकातून आलेल्या गटातले ९ जण बर्फाच्या वादळात सापडून दगावले. वाट आदल्या दिवशी होती तीच होती. हवा फिरली आणि वाटेची प्रत बदलली. कोणत्याही पाटीवर हे आधी लिहून ठेवता येत नाही. पाटी सांगेल वाट कशी आहे. आज कशी आहे, आणि आपल्याला कशी आहे, हे ज्याचे त्याने पायथ्याशी उभे राहून ठरवायचे असते. त्यात 'आज नको' हेही एक उत्तर असते, आणि ते देणारा भित्रा ठरत नाही.

आपण सध्या दुर्गम ते सुगम करण्याच्या काळात आहोत. रायगडाला १९९६ मध्ये दोरवाट झाली, कळसूबाईला लोखंडी शिड्या आहेत, आणि जुलै २०२५ मध्ये आपले अकरा आणि तमिळनाडूतला जिंजी असे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेल्यापासून येणाऱ्यांचा ओघ वाढणारच. ज्याला गुडघ्यांनी साथ दिली नाही त्यालाही रायगड पाहता यावा, यात मला काही गैर वाटत नाही. वाट कुणासाठी सोपी करायची, हाही अवघडाईच्या इतिहासातलाच प्रश्न आहे.

लहानपणी कुराण शिकताना एक शब्द भेटला होता, 'अकबा'. डोंगरातली खडी चढण, घाटवाट. नव्वदाव्या अध्यायात तो येतो. तिथे ही अवघड चढण म्हणजे काय याचा खुलासा केला आहे. गुलामाला मोकळे करणे, भुकेच्या दिवसांत अनाथाला आणि गरिबाला जेवू घालणे, ही ती चढण. पुढे कठोपनिषद वाचताना तिथेही वाटेच्या संदर्भात 'दुर्ग' हाच शब्द भेटला, आत्मज्ञानाच्या वाटेसाठी योजलेला. वाळवंटातली माणसे काय आणि अरण्यातली काय, अवघड गोष्ट समजावून सांगायची झाली की त्यांना डोंगरवाटच आठवली. कारण ती सगळ्यांनी पायांनी चालून पाहिलेली होती. आणि कुराणातल्या त्या चढणीची खूण अशी की ती एकट्याने वर पोचण्याची नाहीच, दुसऱ्याचे ओझे हलके करण्याची आहे.

डोंगरवाट किती अवघड, या प्रश्नाला शेकडो वर्षांत बैलाच्या, फौजेच्या, इंजिनाच्या आणि गिर्यारोहकाच्या मापाने उत्तरे मिळाली. प्रत्येक माप आपापल्या जागी उपयोगी पडले. पण कुणी तुम्हाला वाट विचारली, तर आपण ती किती वेळात चढलो हे सांगायची घाई करू नये. त्याच्याबरोबर कोण कोण आहे ते आधी पाहावे, आणि त्यांच्यातला जो सर्वांत मागे चालणार आहे, त्याच्या मापाने सांगावी.